फक्की मारणारा प्रोफेसर

मागच्या महिन्यात मुलाच्या सॉकर क्लबच्या कोचनं मला आणि बायकोला प्रॅक्टिस संपल्यावर पार्किंगमध्ये गाठलं आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, पोरात दम आहे, पण आता ट्रॅक बंद करा, बास्केटबॉल तर बंदच करा, तेराव्या वर्षी एक खेळ धरला नाही तर पुढं कॉलेजवाले विचारणार नाहीत. बायको म्हणाली विचार करू. मी काही बोललो नाही कारण बोललो असतो तर भांडण झालं असतं. गाडीत मागच्या सीटवर पोरगा बूट काढत बसलेला, त्याला काहीच माहीत नाही, तो विचारतो बाबा उद्या ट्रॅकला सोडणार ना.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला सबर्बमध्ये राहतो. इथं शाळेत अजून सीझनप्रमाणे खेळ चालतात, फॉलमध्ये क्रॉस कंट्री, हिवाळ्यात बास्केटबॉल, बर्फ वितळला की ट्रॅक. मला हे बघून पहिल्या वर्षीच बरं वाटलं होतं कारण आमच्या गावाकडं पण असंच होतं, फक्त त्याला कोणी सीझन म्हणायचं नाही. संक्रांतीला पतंग, परीक्षा संपली की गोट्या आणि विटी-दांडू, पावसाळ्यात मैदानात चिखल झाला की कबड्डी, दिवाळीनंतर जमीन टणक झाली की क्रिकेट. कोणी ठरवलेलं नसायचं, एका सकाळी अख्ख्या गल्लीच्या खिशात भोवरे यायचे आणि पंधरा दिवसांनी गायब व्हायचे.

आणि शाळेत पीटीचे सर. एकच माणूस. सकाळी सहाला खो-खो, संध्याकाळी व्हॉलीबॉल, डिसेंबरात तालुक्याच्या स्पर्धा आल्या की गोळाफेक, थाळीफेक, रिले सगळं. सरांचं एक चित्र माझ्या डोक्यात पक्कं आहे, ते म्हणजे डालड्याच्या डब्याला खालून भोकं पाडलेली, त्यात फक्की भरलेली, आणि सर उलटे चालत चालत तो डबा हलवत मैदानावर लाईन मारतायत, मागं सुतळी धरून आम्ही दोघं. पँट गुडघ्यापर्यंत पांढरी. स्टाफरूममध्ये गेले की बाकीचे मास्तर खुर्ची सरकवून घ्यायचे, पांढरं लागेल म्हणून. दहावीचं वर्ष आलं की सरांचा तास गणिताच्या बाईंना जायचा आणि सर हजेरीचे तक्ते भरत बसायचे, बोर्डाच्या परीक्षेत बाकडी उचलायला लावायचे, झेंडावंदनाला दोरी बांधायला सर. आमच्या शाळेत खेळ शिकवणाऱ्या माणसाची किंमत तेवढीच.

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं असं की शाळेत आणि कॉलेजात खेळ शिकवणारा माणूस मास्तरच असायला पाहिजे, बाकीच्या मास्तरांच्या बरोबरीनं, कायम नोकरीत, आणि त्याच्या हातात एकापेक्षा जास्त खेळ असायला पाहिजेत. हे मी सरांच्या आठवणीनं भावनेच्या भरात बोलतोय असं वाटेल म्हणून दुसऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. ही जगात जवळजवळ पहिल्यांदा झाली ती इथंच, आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर.

युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोमध्ये एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूरचं ब्राँझचं एक शिल्प आहे, कवटीसारखं पण दिसतं आणि अणुस्फोटाच्या ढगासारखं पण. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथं नेतो. २ डिसेंबर १९४२ ला माणसानं केलेली पहिली अणु साखळी प्रक्रिया तिथं झाली, एन्रिको फर्मी हा भौतिकशास्त्रज्ञ वगैरे मंडळी. सगळे फोटो काढतात. पण फर्मीनं ते ज्या जागी केलं ती जागा म्हणजे एका बंद पडलेल्या फुटबॉल स्टेडियमच्या गॅलरीखालचं स्क्वॉश कोर्ट, आणि त्या स्टेडियमचं नाव स्टॅग फील्ड. आज तिथं बाजूला भलीमोठी लायब्ररी उभी आहे. स्टॅग कोण, हे मी स्वतः पाच-सहा वेळा फोटो काढून झाल्यावर विचारलं, खोटं कशाला बोलू.

अमोस अलोंझो स्टॅग. जन्म १८६२, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजमध्ये, बाप चांभारकाम करायचा, घरात आठ पोरं. शिकायला बाहेर पडला तेव्हा गरम न होणाऱ्या माळ्यावरच्या खोलीत राहिला, अंगात ओव्हरकोट नाही, न्यू इंग्लंडचा हिवाळा. मग येल युनिव्हर्सिटी. जायचं होतं पाद्री व्हायला. येलमध्ये तो बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, म्हणून इतका गाजला की प्रोफेशनल टीमवाले पैसे घेऊन मागं लागले आणि यानं नाही म्हटलं, कारण त्या काळी त्या मैदानांवर दारूचे गुत्ते असायचे आणि त्याला ते पटायचं नाही. फुटबॉल पण खेळायचा (अमेरिकन फुटबॉल, पुढं सगळीकडे तेच समजा). १८८९ मध्ये देशातल्या कॉलेजांतले निवडक ११ खेळाडू म्हणून पहिल्यांदा ऑल-अमेरिका टीम जाहीर झाली, तिच्यात हा होता. पाद्री मात्र झाला नाही. व्यासपीठावर उभं राहिलं की बोलता यायचं नाही धड. मग त्यानं ठरवलं की जे चर्चमधून सांगायचं होतं ते मैदानावरून सांगू.

१८९० मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आला. तिथं त्याच्या फुटबॉल टीममध्ये सेंटरला खेळायचा जेम्स नेस्मिथ, म्हणजे डिसेंबर १८९१ मध्ये पीचच्या दोन टोपल्या टांगून ज्यानं बास्केटबॉल काढला तो. ११ मार्च १८९२ ला लोकांसमोर पहिली मॅच झाली, विद्यार्थी विरुद्ध मास्तर. विद्यार्थ्यांनी ५–१ नं मास्तरांना हरवलं. तो मास्तरांचा एक गोल स्टॅगचा. मला ही गोष्ट फार आवडते, एक तर मास्तर हरले म्हणून, आणि दुसरं म्हणजे फुटबॉल-बेसबॉलचा माणूस तीन महिन्यांच्या नव्या खेळात उतरून पोरांकडून मार खायला तयार होता.

त्याच वर्षी शिकागोत नवीन युनिव्हर्सिटी उघडत होती. तिचे प्रेसिडेंट विल्यम रेनी हार्पर, हे स्टॅगला येलमध्ये बायबल शिकवायचे. त्यांनी स्टॅगला बोलावलं आणि वर्षाला १५०० डॉलर देतो म्हणाले. स्टॅग गप्प. त्यांना वाटलं कमी पडले, म्हणाले २०००. हा अजून गप्प. मग २५००, आणि असोसिएट प्रोफेसरची जागा, आणि ती पण कायमची. स्टॅगनं नंतर सांगितलं की तो पैशासाठी गप्प नव्हताच, अचानक आलेली गोष्ट डोक्यात बसवत होता. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत असा एखादा काका असतो, तो काही बोलत नाही म्हणून समोरचे वाढवत जातात.

पण विनोद बाजूला ठेवा, ती जागा बघा. शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख, प्राध्यापकाचा दर्जा, कायम नोकरी. ग्रीक शिकवणाऱ्याला जी खुर्ची तीच याला. त्याआधी कॉलेजांत कोच म्हणजे सीझनपुरता बोलावलेला माजी खेळाडू असायचा, जिंकलं तर पुढच्या वर्षी परत, हरलं तर राम राम.

या कायम खुर्चीनं काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिल्या वर्षी पोरंच कमी होती म्हणून स्टॅग स्वतः टीममधून खेळला. मार्शल फील्ड नावाच्या बड्या दुकानदारानं जागा दिली तर तिचं कुंपण स्टॅगनं आणि विद्यार्थ्यांनी मिळून घातलं. इथं मला आमच्या सरांचा डालड्याचा डबा आठवतो. फरक एवढाच की या माणसाला कोणी खुर्ची सरकवून घेतली नाही. मग त्यानं फुटबॉल ४१ सीझन शिकवला, बेसबॉल वीसेक वर्षं, ट्रॅक तीसेक वर्षं, बास्केटबॉल एक सीझन. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला अमेरिकन टीमच्या ४०० आणि ८०० मीटरवाल्यांचा कोच तो होता. टॅकलची, म्हणजे समोरच्याला धरून पाडायची, प्रॅक्टिस करायला गादी गुंडाळून टांगायची कल्पना त्याची म्हणतात, बेसबॉलवाले हॉलमध्ये जाळी लावून बॅटिंग करतात ती पण त्याची. यातलं काही नंतर भक्तांनी चिकटवलं असेल, पण ज्याला दरवर्षी नोकरी वाचवायची नसते त्यालाच असले उद्योग सुचतात हे खरं. शिवी म्हणून कधी दिली नाही असं सांगतात, फार चिडला तर पोराला गाढव म्हणायचा, त्याहून चिडला तर डबल गाढव.

अनेक खेळ एका माणसाकडे असण्याचा फायदा लोक तंत्राच्या बाजूनं सांगतात, की स्प्रिंटरचा स्टार्ट फुटबॉलला कामी येतो वगैरे. ते आहेच, खो-खोत पाटीवर बसून उठायची सवय असलेला पोरगा बास्केटबॉलच्या डिफेन्समध्ये कसा झटकन वळतो हे मी माझ्याच अंगावर अनुभवलंय. पण मला खरा फायदा वेगळा वाटतो. ज्याच्याकडे चार खेळ आहेत त्याला पोरगं अडकवून ठेवायची गरज नसते. तुला बेसबॉल जमत नाही का, ये ट्रॅकला, पोरगं त्याच्याकडेच राहतं. आणि वर्षभर तोच माणूस बघत असतो, त्यामुळे पोराचा गुडघा कधी दुखायला लागला, घरी काय चाललंय, उंची कधी वाढली, सगळं त्याच्या डोळ्यासमोर. एकाच खेळाचा क्लबवाला कोच हा वाईट माणूस असतो असं मी म्हणत नाही, आमचा तर चांगला आहे, पण त्याची फी माझ्या पोराच्या बारा महिन्यांतून येते. तो जेव्हा म्हणतो ट्रॅक सोड, तेव्हा हा सल्ला पोराच्या भल्याचा किती आणि क्लबच्या कॅलेंडरचा किती हे त्याचं त्यालाही कळत नसेल. शाळेच्या ट्रॅकचा कोच केमिस्ट्री शिकवतो, त्याला कोचिंगचे वरचे थोडे पैसे मिळतात, पोरगं आलं काय न आलं काय त्याचा पगार चालूच. तो मला म्हणाला, सॉकर खेळू दे की, पाय चांगले होतात.

आता कोणी शहाणा म्हणेल की स्टॅगला देव करू नकोस. बरोबर आहे, आणि इथंच गोष्ट अवघड होते.

हार्परनी स्टॅगला आणलं ते नुसत्या व्यायामासाठी नाही. नव्या युनिव्हर्सिटीचं नाव पेपरात यायला पाहिजे, पोरं यायला पाहिजेत, देणगीदार खूश राहायला पाहिजेत. फुटबॉल ही जाहिरात होती. गेटचे, म्हणजे तिकिटांचे, पैसे मोठे होते आणि त्यावर स्टॅगचा हात होता. १९०५ च्या थँक्सगिव्हिंगला शिकागोनं मिशिगनला २–० हरवलं, मिशिगन त्याआधी ५६ मॅच हरलं नव्हतं. शिकागोचा हिरो वॉल्टर एकरसॉल. त्याच सुमारास कोलियर्स साप्ताहिकानं कॉलेजं खेळाडू कसे विकत घेतात यावर लेख छापले आणि त्यात एकरसॉलचं नाव होतं, शाळेचे पुरेसे विषय पूर्ण नसताना त्याला प्रवेश दिला म्हणून. खेळायची वर्षं संपली, आणि युनिव्हर्सिटीनं त्याला डिग्री न देता बाहेर काढलं. वापरून झालं, संपलं. आणि पलीकडच्या बाजूला मिशिगनचा डेनिसन क्लार्क, ज्याला आपल्याच गोलच्या मागं अडवून शिकागोला ते दोन पॉइंट मिळाले. त्या एका चुकीवरून पेपरांनी त्याला सोलून काढलं. १९३२ मध्ये त्यानं जीव दिला तेव्हाही पेपरांनी सत्तावीस वर्षांपूर्वीची ती मॅचच आठवली.

म्हणजे प्राध्यापकाची खुर्ची दिली की कोच आपोआप संत होतो असं नाही. १९०५ मध्ये फुटबॉल खेळताना देशभरात १८-१९ पोरं मेली होती, प्रेसिडेंट रूझवेल्टना कॉलेजवाल्यांना बोलवून दम द्यावा लागला, आणि नियम बदलले त्या समितीवर स्टॅग पण होता. एकाच माणसाच्या हातून खेळ सुधारतो पण आणि नासतो पण. माझं मत असं की त्याला नासवलं ते गेटच्या पैशानं, खुर्चीनं नाही. खुर्ची नसती आणि नुसते गेटचे पैसे असते तर काय होतं ते आज टीव्हीवर दिसतंच, कॉलेज फुटबॉलचे कोच कितीतरी राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचे सरकारी नोकर आहेत, आणि दोन सीझन हरले की घरी.

आणि खुर्चीची एक गंमत बघा. १९२९ मध्ये रॉबर्ट हचिन्स तिशीतच युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट झाले, त्यांना फुटबॉलचं कौतुक नव्हतं. स्टॅग ७० चा झाला. प्राध्यापकांना ७० ला निवृत्त करायचा नियम होता, आणि स्टॅग प्राध्यापक होता. ज्या दर्जानं त्याला चाळीस वर्षं सांभाळलं त्याच दर्जानं त्याला घरी पाठवलं. साधा कोच असता तर कदाचित राहिला असता! पण हा गडी घरी बसला नाही. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेला, १४ सीझन शिकवलं, १९४३ मध्ये ८१ व्या वर्षी देशातल्या कोच मंडळींनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच निवडलं. मग पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नावाच्या छोट्या कॉलेजात पोराबरोबर. शेवटी परत स्टॉक्टन. बायको स्टेला प्रतिस्पर्ध्यांच्या मॅच बघून टिपणं काढायची. १९६५ मध्ये गेला तेव्हा वय १०२. आणि शिकागोनं १९३९ मध्ये मोठा फुटबॉल बंदच केला, म्हणूनच फर्मीला ती रिकामी जागा मिळाली.

हचिन्सनी केलं ते बरोबर की चूक यावर इथले लोक अजून भांडतात. मला वाटतं धंदा बंद केला ते बरोबर, पण नंतर युनिव्हर्सिटीनं १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा आणला तो आणखी बरोबर. आता शिकागो डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतं, तिथं खेळासाठी स्कॉलरशिप मिळत नाही, ज्याला हौस तो खेळतो. त्या डिव्हिजनची फायनल १९७३ पासून स्टॅग बोल म्हणून ओळखली जाते. म्हाताऱ्याचं नाव करोडोंच्या खेळाला न देता या बिनपैशाच्या खेळाला दिलं, हे मला पटतं.

आपल्याकडे याचा संबंध काय? आहे. ज्या स्प्रिंगफिल्डमध्ये स्टॅग मास्तर होता तिथंच शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, १९२४ च्या पॅरिसला भारताच्या टीमचे मॅनेजर म्हणून पण गेले. गावोगावच्या शाळेत दोन बांबूंवर व्हॉलीबॉलची जाळी बांधली जाते तो खेळ पण स्प्रिंगफिल्डच्याच एका विद्यार्थ्यानं, विल्यम मॉर्गननं, १८९५ मध्ये जवळच्या होलियोकमध्ये काढला. म्हणजे आमचे पीटीचे सर जे चार-पाच खेळ एकटे शिकवायचे ती रीत काही अंशी त्याच घरातून आलेली. रीत आली, खुर्ची आली नाही. आपण पीटीचा मास्तर घेतला आणि त्याच्याकडून बाकडी उचलून घेतली. वर खेळाचं सगळं ओझं दहावी-बारावीच्या वाढीव मार्कांवर आणि नोकरीच्या कोट्यावर टाकलं. त्यामुळे पोरं सर्टिफिकेट मिळेपर्यंत खेळतात, आणि ज्यांच्याकडे पैसे आहेत ते सहाव्या वर्षी पोराला पॅड बांधून क्रिकेट ॲकॅडमीत टाकतात. गावाकडच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तर एक मित्र म्हणाला, अरे एक माणूस सगळे खेळ कसे शिकवणार, आता प्रत्येक खेळ सायन्स झालाय. मान्य. सतराव्या वर्षी पोराला त्या खेळाचा जाणकारच लागतो. पण नवव्या वर्षी सायन्स कशाला? नवव्या वर्षी फक्की मारणारा लागतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलंय की एकच खेळ धरायचं १५-१६ वर्षांपर्यंत लांबवा आणि वर्षात एकूण तीन महिने तरी त्या खेळातून सुट्टी द्या. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात, तो अपवाद धरा, सॉकर त्यात बसत नाही.

तर क्लबला मी मेल लिहिली, की मुलगा मे संपेपर्यंत ट्रॅक करणार, सॉकरच्या मॅच जमतील तेवढ्या खेळेल, प्रॅक्टिस अर्ध्या चुकतील, फी पूर्ण भरतो. बायको म्हणाली फी पूर्ण कशाला, मी म्हटलं भांडण नको. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. काल पोरगा ट्रॅकवरून आला तेव्हा गुडघ्यापासून खाली पांढरा होता, लांब उडीच्या पट्ट्यावर लाईन मारायला कोचनं तिघांना ठेवून घेतलं म्हणाला, मशीन होती पण चाक अडकत होतं म्हणून हातानंच मारली.